समुद्र अमोनिया सोडतो, तसा घेतोही

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कृष्णाकाठच्या उसाला दिल्या जाणाऱ्या युरियावर आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही दिवस चर्चा चालू आहे. त्या चर्चेत एक विधान निरनिराळ्या पत्रांतून पुन्हा पुन्हा आले. ते असे की, समुद्र स्वतःच दरवर्षी लाखो टन अमोनिया हवेत सोडतो, तेव्हा साताऱ्या-सांगलीच्या शेतकऱ्याच्या पोत्यांचा हिशेब मागण्यात काही अर्थ नाही. मी स्वतः ऊस उत्पादकाच्या घरातला असून नोकरीची सारी वर्षे कराड परिसरात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे शेतकऱ्याला विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची हौस मला नाही. मात्र त्याच्या बचावासाठी पुढे केलेला हा मुद्दा रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, एवढे सप्रमाण सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

समुद्र अमोनिया सोडतो हे खरे आहे. परंतु तो अमोनिया घेतोही, आणि एकाच ठिकाणचा समुद्र ऋतू बदलला की देणाऱ्याचा घेणारा होऊ शकतो. म्हणून ‘समुद्रातून इतके टन बाहेर पडतात’ एवढाच आकडा उचलणे म्हणजे खतावणीचे एकच पान वाचून शिल्लक काढण्यासारखे आहे.

हा अमोनिया समुद्रात येतो कोठून, ते आधी पाहू. समुद्राच्या उजेड पोहोचणाऱ्या वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती-प्लवक वाढतात, त्यांच्यावर प्राणी-प्लवक जगतात, आणि या प्राण्यांच्या उत्सर्गातून तसेच मेलेल्या जिवांच्या कुजण्यातून पाण्यात अमोनियम मिसळत राहते. वनस्पती-प्लवकांना नायट्रोजन नायट्रेटच्या रूपातही चालतो, पण नायट्रेट वापरण्याजोगे करून घेण्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. अमोनियमच्या बाबतीत तो खर्च नसल्यामुळे ते दिसले की आधी उचलले जाते. जे उरते त्यातले काही सूक्ष्मजीव नायट्रेटमध्ये बदलून टाकतात. परिणामी मोकळ्या समुद्राच्या पृष्ठभागी अमोनियमची शिल्लक फारच तुटपुंजी असते. हजार लिटर पाण्यात सुमारे १.८ मिलिग्रॅम, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत लिटरमागे १०० नॅनोमोल, हे प्रमाण उदाहरणासाठी धरायला हरकत नाही. अनेक ठिकाणी ते याहूनही कमी असते.

आता ही सगळी शिल्लक हवेत उडून जाऊ शकत नाही. पाण्यात अमोनियम हा विद्युतभारित आयन आणि अमोनिया हा वायू यांची सतत अदलाबदल चालू असते, आणि हवेत जाऊ शकतो तो फक्त वायू. दोघांचे प्रमाण ठरते पाण्याच्या सामूवर, ज्याला आपण पीएच म्हणतो, आणि तापमानावर. समुद्राचा सामू ८.१ धरला तर २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एकूण साठ्यापैकी शेकडा सहाच्या आसपास भाग वायुरूप अमोनियाचा असतो, आणि ५ अंशांच्या थंड पाण्यात तो शेकडा एकपेक्षा थोडाच अधिक भरतो. शिवाय पाणी तापले की विरघळलेला वायू धरून ठेवण्याची त्याची क्षमताही घटते. हे दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात, त्यामुळे त्यांचा गुणाकार होतो.

तो गुणाकार मी कागदावर मांडून पाहिला. वर सांगितलेल्या १०० नॅनोमोल अमोनियमच्या पाण्यावर २८ अंशांना समतोल राखणाऱ्या, म्हणजे जिच्याशी समुद्राची देवाणघेवाण बरोबरीत सुटते अशा, हवेत घनमीटरमागे सुमारे ०.११ मायक्रोग्रॅम अमोनिया असावा लागतो. तेच पाणी ५ अंशांवर नेले तर समतोलाचा आकडा ०.००८ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली येतो. पाण्यातले अमोनियम तेवढेच राहूनही नुसत्या तापमानाने हा आकडा जवळजवळ चौदा पटींनी बदलला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उष्ण व शीत अक्षांशांवरील सागरी निरीक्षणांची तुलना करणाऱ्या अभ्यासातही तापमानाचे हेच महत्त्व समोर आले: उष्ण पाण्याचा कल देण्याकडे आणि थंड पाण्याचा कल घेण्याकडे.

समतोलाचा हा आकडा म्हणजे या संपूर्ण प्रश्नाची किल्ली आहे. समुद्रावरून वाहणाऱ्या हवेत अमोनिया या आकड्यापेक्षा कमी असेल तर समुद्र देतो, आणि जास्त असेल तर समुद्र घेतो. देवाणघेवाणीचा वेग दोहोंतल्या फरकावर आणि वाऱ्यावर अवलंबून असतो, पण दिशा मात्र फरकच ठरवतो. पीटर लिस आणि स्लेटर यांनी १९७४ मध्ये हवा व समुद्र यांच्यातील वायुविनिमयाचा जो द्विस्तरीय विचार मांडला, त्यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड यांच्या वाटेत मुख्य अडथळा पाण्याच्या बाजूच्या पातळ थराचा असतो. अमोनिया पाण्यात अतिशय विद्राव्य असल्यामुळे त्याची वाट अडते ती हवेच्या बाजूला. थोडक्यात, हवेतून आलेला अमोनिया पृष्ठभागापर्यंत पोहोचला की समुद्र त्याला सामावून घेण्यास खळखळ करत नाही.

आता ‘लाखो टना’कडे वळतो. जगभर वापरल्या गेलेल्या एका जुन्या उत्सर्जन-सूचीत समुद्रातून हवेत जाणाऱ्या अमोनियाचा अंदाज वर्षाला सुमारे ८० लाख टन नायट्रोजन इतका धरला होता आणि चर्चेतला आकडा बहुधा तेथूनच आलेला आहे. मात्र २०१५ मध्ये प्रत्यक्ष समुद्रजलाच्या मोजमापांशी ताडून पाहिले असता, समुद्रातील अमोनियम संगणकीय प्रतिमानांत वाजवीपेक्षा जास्त धरले जात असल्याचे आढळले, आणि दुरुस्त केलेला अंदाज वर्षाला २५ लाख टनांवर उतरला. त्या अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष आपल्या चर्चेच्या नेमका उलट आहे. समुद्राचा स्वतःचा पुरवठा इतका अशक्त असेल तर समुद्रावरच्या हवेत सापडणाऱ्या अमोनिया-अमोनियमचा हिशेब जमिनीवरून आलेल्या भागाशिवाय लागत नाही. मानवी व्यवहारांतून, त्यातही मुख्यतः शेती आणि पशुपालन यांतून, हवेत जाणारा अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबात वर्षाला चार कोटी टनांच्या घरात आहे, हे शेजारी ठेवले म्हणजे प्रमाणाची कल्पना येते. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत दाखवली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. आजचा समुद्र हा त्यानंतरच्या शतकभराच्या हवेखालचा समुद्र आहे.

जमिनीवरून किती नायट्रोजन समुद्रावर पडतो याचा एक मोठा ताळेबंद २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार वातावरणातून समुद्रावर वर्षाला सुमारे ६ कोटी ७० लाख टन क्रियाशील (सजीवांना वापरता येण्याजोगा) नायट्रोजन उतरतो आणि त्यापैकी ५ कोटी ४० लाख टन मानवी व्यवहारांमुळे आलेला असतो. यात अमोनिया-अमोनियम तर आहेच, शिवाय वाहने व वीजकेंद्रे यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सेंद्रिय नायट्रोजनही आहे. मोकळ्या समुद्राला बाहेरून मिळणाऱ्या नायट्रोजनपैकी एक तृतीयांशापर्यंत वाटा या मानवी नायट्रोजनचा असू शकतो, असे त्या ताळेबंदात म्हटले आहे.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती लपवली तर मीही तेच एकपानी वाचन केल्यासारखे होईल. समुद्रावर पडणारे सगळेच अमोनियम बाहेरचे नसते. बर्म्युडा बेटावर पडणाऱ्या पावसातील अमोनियमच्या नायट्रोजन समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, तपासणी करणारा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यातून असे दिसले की तेथील पावसातले अमोनियम बऱ्याच अंशी खुद्द समुद्रातूनच वर गेलेले होते. अशा ठिकाणी पावसाने उतरलेले अमोनियम ही नवी आवक नसून समुद्राचेच समुद्राला परत मिळालेले असते, आणि ते आवकेत धरले तर मानवी वाटा फुगतो. परंतु यातून ‘समुद्र स्वतःच देतो’ या पक्षाला बळ मिळते असे समजणेही चूक आहे. तेच अमोनियम वर जाताना ‘उत्सर्जन’ म्हणून मोजायचे आणि खाली येताना विसरायचे, ही लबाडी दोन्ही पक्षांना सारखीच वर्ज्य असली पाहिजे. बर्म्युडा हे अटलांटिकमधले, मोठ्या शेतीपासून दूर पडलेले बेट आहे. अरबी समुद्राची स्थिती तशी नाही.

अरबी समुद्राला एक खास शिस्त आहे आणि ती आपल्या जिल्ह्याला जन्मापासून ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर वारा समुद्रावरून घाटाकडे येतो आणि हिवाळ्यात तो उलटून जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. पावसाळ्यात दक्षिण हिंदी महासागरावरून हजारो किलोमीटर वाहत आलेली हवा धुऊन निघालेली असते आणि तिच्यातील अमोनिया समतोलाच्या आकड्यापेक्षा खाली राहण्याचा संभव मोठा असतो, म्हणजे त्या काळात समुद्र देणारा ठरू शकतो. त्याच काळात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांलगत खोलवरचे पोषक पाणी वर येऊन प्लवकांची प्रचंड वाढ होते. मात्र हे वर आलेले पाणी थंड आणि सामूने उतरलेले असल्यामुळे वायू सुटण्याला ते अनुकूल नसते. म्हणून तेथे अमोनियम वाढले म्हणजे अमोनियाही तेवढाच सुटला, असे सरळ गणित मांडता येत नाही. इंग्लंडच्या संशोधकांनी १९९४ च्या सफरीत वायव्य अरबी समुद्रावर अमोनिया आणि त्याच्या कुळातील मिथिलअमाइन या वायूंची पाण्यात व हवेत एकाच वेळी मोजणी केली होती. हा समुद्र अभ्यासकांच्या नजरेत किती काळापासून आहे हे त्यावरून कळावे.

हिवाळ्यात चित्र फिरते. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये हिंदी महासागरावर झालेल्या ‘इंडोएक्स’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेत भारतीय उपखंडावरून समुद्रावर पसरणाऱ्या तपकिरी धुरकटीचा सविस्तर अभ्यास झाला, आणि त्या धुरकटीच्या बारीक कणांत काजळी व सल्फेटबरोबर अमोनियमही सापडले. किनाऱ्याजवळच्या हिवाळी हवेत घनमीटरमागे एक मायक्रोग्रॅम अमोनिया जरी असला, तरी तो वर काढलेल्या ०.११ या समतोलाच्या नऊपट होतो. अशा हवेखाली समुद्र अमोनिया सोडत नाही, शोषून घेतो. आपल्या वादात ज्याला ‘समुद्राचे उत्सर्जन’ म्हटले गेले ते या महिन्यांत, या किनाऱ्यावर, बहुधा वजाबाकीत असते.

येथे कोणी विचारील की साताऱ्यातल्या शेतातून सुटलेला वायू सह्याद्री ओलांडून समुद्रापर्यंत जातो तरी कसा. शंका रास्त आहे. वायुरूप अमोनिया फार दूरचा प्रवासी नाही. तो काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, जवळच्या पिकावर, झाडांवर, मातीवर किंवा ओल्या पृष्ठभागावर उतरतो. परंतु हवेत गंधकाम्ल किंवा नत्राम्ल भेटले की तो त्यांच्याशी संयोग पावून अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांचे सूक्ष्म कण बनतो, आणि हे कण पाऊस न लागल्यास आठवडाभर हवेत राहून शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. साताऱ्याहून किनारा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. माणच्या किंवा खटावच्या एखाद्या शेतातला विशिष्ट रेणू दाभोळच्या खाडीत पडला असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. मात्र दख्खनच्या पठारावरच्या एकंदर अमोनियाचा काही भाग हिवाळी वाऱ्याबरोबर पश्चिमेला जातो, हे नाकारायला मला तरी काही आधार दिसत नाही.

पाण्याच्या वाटेने तर आपला जिल्हा दोन्ही समुद्रांना जोडलेला आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा सातारा-सांगलीचे पाणी घेऊन पार आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. उलट कोयनेचे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवलेले पाणी पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीत उतरून अरबी समुद्राला जाते. शेतातून निचरून नदीत गेलेले नायट्रेट हा पाण्याच्या खात्याचा विषय आहे आणि तो या पत्राच्या कक्षेबाहेर ठेवतो, पण एकाच शेतातला नायट्रोजन हवेवाटे एका समुद्राकडे आणि पाण्यावाटे दुसऱ्या समुद्राकडे जाऊ शकतो, हे भूगोलाचे मोठे विलक्षण जुळून आलेले आहे.

आता आपल्या बांधावर येतो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या, उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, पूर्वहंगामीला ३४०, तर सुरू हंगामाला आणि खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला) २५०. आडसालीचे सगळे नत्र युरियातून दिले असे धरले, तर युरियात शेकडा ४६ भाग नायट्रोजन असल्यामुळे हेक्टरी सुमारे ८७० किलो, म्हणजे ४५ किलोची एकोणीस पोती होतात. जगभरच्या मोजण्यांची सरासरी घेतली तर दिलेल्या नत्रापैकी शेकडा १० ते १५ भाग अमोनिया होऊन उडतो. उष्ण हवेत, ओलसर जमिनीवर नुसता फोकून दिलेल्या युरियाचे नुकसान याच्याही बरेच पुढे जाऊ शकते. शेकडा १४ धरले तरी या एका हेक्टरावरून ५६ किलो नायट्रोजन हवेत गेला. खताच्या हिशेबात ती जवळजवळ पावणेतीन पोती झाली, आणि त्यांचे पैसे शेतकऱ्याने मोजलेले असतात.

हे कसे घडते ते मी वर्गात एका सोप्या प्रयोगाने दाखवत असे, आणि कोणालाही ते घरी करून पाहता येईल. झाकणाच्या दोन बरण्यांत शेतातली काळी माती भरून ती पाणी शिंपडून ओलसर करावी. एका बरणीत चमचाभर युरिया मातीवर नुसता पसरावा, दुसरीत तेवढाच युरिया चार बोटे खोल मातीआड करावा, आणि दोन्ही झाकणांच्या आतून ओला केलेला लाल लिटमस कागद चिकटवून झाकणे घट्ट लावावीत. पहिल्या बरणीतला कागद एक-दोन दिवसांत कडेकडेने जांभळट होत होत निळा पडतो आणि झाकण उघडताच नाकाला झोंबणारा, गोठ्यात पहाटे येतो तसला दर्प येतो. दुसऱ्या बरणीतला कागद त्या वेळीही लाल असतो. मातीतील युरियेज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) युरियाचे विघटन होते, त्या कणाभोवतीच्या मातीचा सामू तात्पुरता वर चढतो आणि अमोनियमचे अमोनिया वायूत रूपांतर होते. समुद्राच्या पृष्ठभागी जे रसायनशास्त्र चालते तेच हे, फक्त येथे प्रमाण हजारो पटींनी मोठे आहे. कृष्णाकाठी पाण्याच्या अतिवापराने चोपण (क्षार साचून खराब) झालेल्या जमिनींचा सामू आधीच साडेआठच्या वर असतो, त्यामुळे तेथे युरिया वरून टाकणे म्हणजे तो वाऱ्याला देणेच होय.

वरच्या हंगामांकडे वाऱ्याच्या दिशेने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टची, म्हणून तिची मोठी बांधणी (उसाच्या बुंध्याला माती चढवण्याचे काम) आणि तिच्याबरोबरचा शेकडा ४० नत्राचा मोठा हप्ता साधारण डिसेंबर-जानेवारीत पडतो. बांधणीत खत मातीआड होत असल्यामुळे तेथे नुकसान तुलनेने कमी होते. पण खोडव्याचे तसे नाही. ऊस तुटून गेला की ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात खोडव्याला पहिले खत दिले जाते, आणि घाईत ते सरीत किंवा थेट पाचटावर फोकले जाते, जेथून अमोनिया विशेषच सहज उडतो. नेमक्या याच महिन्यांत वारा समुद्राकडे वाहत असतो आणि पावसाने हवा धुतली जात नसते. आपल्याच जिल्ह्यातील पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने खोडव्याला पहारीने भोके घेऊन, बुंध्यापासून दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर खोलवर खत देण्याची पद्धत कित्येक वर्षे सांगितली आहे. तिचा प्रचार उत्पादनवाढीसाठी झाला, पण अमोनिया जमिनीतच राखण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मजुरांअभावी ती मागे पडते आहे ही वस्तुस्थिती आहे, आणि खताच्या अनुदानाचा काही भाग पहारीच्या कामाच्या मजुरीकडे किंवा खत मातीआड करणाऱ्या छोट्या अवजारांकडे वळवता आला, तर तो पैसा सत्कारणी लागेल असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्राला जादा नायट्रोजन मिळाला तर बिघडले कोठे, मासळी वाढेल, असेही एका पत्रात म्हटले होते. अरबी समुद्राच्या बाबतीत हा आशावाद धोक्याचा आहे. या समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या खोलीवर जगातील अत्यंत मोठ्या प्राणवायुहीन थरांपैकी एक पसरलेला आहे. पृष्ठभागी वाढलेले प्लवक मरून खाली बसताना कुजतात, कुजताना आधीच तुटपुंजा असलेला प्राणवायू खातात, आणि प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव नायट्रेटवर जगून नायट्रस ऑक्साइडसारखा तापमानवाढीचा वायू तयार करतात. हवेतून उतरणारा नायट्रोजन या साखळीतला एकमेव किंवा सर्वांत मोठा घटक आहे असा माझा दावा नाही. वर येणारे खोल पाणी हाच तेथील मुख्य पुरवठा आहे. पण पुरवठा वाढला म्हणजे मासळी वाढली, हा सरळ हिशेब तेथे लागू पडत नाही.

ढगांच्या बाबतीतही अमोनियाला दुर्लक्षून चालत नाही. समुद्री प्लवकांपासून सुटणाऱ्या डायमिथिल सल्फाइड या वायूचे हवेत गंधकाम्ल होते, आणि त्या गंधकाम्लाचे नवे कण जुळून येण्यात अमोनिया मोठी मदत करतो. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतील ‘क्लाउड’ प्रयोगातून २०११ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांनुसार अत्यल्प अमोनियाच्या उपस्थितीतही असे कण तयार होण्याचा वेग शंभर ते हजार पटींनी वाढतो. हे कण मोठे होऊन ढगांच्या थेंबांची बीजे बनू शकतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेची उंचावरील मेघ-भौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, याच प्रकारच्या कणांचा आणि ढगांचा अभ्यास करीत आहे. पावसाळ्यात समुद्रावरून आलेला ढग जेथे पहिल्यांदा जमिनीला टेकतो, अशी ही जागा आहे.

‘समुद्र तापतो आहे, मग यापुढे तोच जास्त अमोनिया सोडील’ या युक्तिवादाचीही दखल घेतो. पाणी २८ वरून ३१ अंशांवर गेले तर समतोलाचा आकडा शेकडा ३८ च्या आसपास वाढतो, हे माझ्या गणितात येते. परंतु समुद्र केवळ तापत नाही, कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा सामूही उतरतो आहे. औद्योगिक काळाच्या आरंभापासून तो सुमारे ०.१ ने उतरला आहे, आणि एवढ्या घसरणीने पाण्यातला वायुरूप अमोनिया जवळजवळ एक पंचमांशाने घटतो. पुढे सामू ७.८ पर्यंत आला आणि पाणी तीन अंशांनी तापलेही, तरी दोन्हींचा एकत्रित परिणाम काढल्यास समतोलाचा आकडा आजच्यापेक्षा चतुर्थांशाहून थोडा अधिक खाली जातो. अमोनियमची शिल्लक आजच्याइतकीच राहील हे यात गृहीत धरले आहे आणि ते गृहीतक बदलू शकते. तरीही या गणितातून दिसते ते इतके की, समुद्र उद्या देणारा कमी आणि घेणारा अधिक होण्याकडे कल आहे.

शेवटी मोजमापाविषयी. आपल्या देशाच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांत अमोनियाचा समावेश आहे आणि त्याची मर्यादा घनमीटरमागे वार्षिक सरासरी १०० व चोवीस तासांची ४०० मायक्रोग्रॅम अशी ठरवली आहे. माणसाच्या फुप्फुसांसाठी ती योग्य असेल. पण समुद्राची दिशा ज्या ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपास ठरते, तो आकडा या वार्षिक मर्यादेच्या हजाराव्या हिश्शाइतका आहे. त्यामुळे एखाद्या शहरातील नोंद ‘मर्यादेच्या आत’ असली म्हणजे समुद्राच्या दृष्टीने हवा स्वच्छ आहे असे मुळीच होत नाही. उपग्रहांवरच्या उपकरणांनी काढलेल्या अमोनियाच्या नकाशांत गंगेचे मैदान गडद लाल आणि समुद्र कोरा दिसतो, याचेही कारण समुद्रावरचे प्रमाण त्या उपकरणांच्या पकडीखाली राहते हे आहे. कोरा भाग म्हणजे शून्य नव्हे.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेत आणि तिच्या पश्चिमेला रत्नागिरी किंवा दाभोळच्या किनाऱ्यावर, मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या हिश्शापर्यंत उतरू शकणाऱ्या उपकरणांनी हवेतल्या अमोनियाची वर्षभर अखंड नोंद व्हावी. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्याची हवामान विज्ञान संस्था या दोघींनी ती किनाऱ्यालगतच्या पाण्यातील अमोनियम, सामू आणि तापमान यांच्या नोंदींशी जोडावी. तिच्या शेजारी सातारा-सांगलीतील खत विक्रीचे महिनेवार आकडे ठेवले, तर हिवाळी वाऱ्यातला आपला वाटा अंदाजाऐवजी नोंदीवरून सांगता येईल. तोपर्यंत आपल्या सदरात समुद्राच्या उत्सर्जनाचा आकडा छापताना त्याच्या शेजारी समुद्रावर उतरणाऱ्या नायट्रोजनचाही आकडा छापावा, अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
कराड, जि. सातारा